आईच्या वाती आणि दादाची होडी

दादाच्या होडीचा तळ खरवडायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात दोन पक्ष पडले होते, आणि दोन्ही पक्षांना जेवायला मलाच वाढावं लागत होतं. एका पक्षात दादा एकटा, दुसऱ्यात आई एकटी. वहिनी लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला गेली होती, ती सुटली. मी धाकटी बहीण. शाळेतून नुकती निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. त्यामुळे हिला दुसरं काम काय, असं दोघांनाही मनापासून वाटे.

आमचं घर कट्टा गावाजवळ. भात, काजू, थोडे आंबे. सात पिढ्यांत कुणी शिडाला हात लावलेला नाही. दादा बँकेत होता. निवृत्त झाला, आणि ज्या वयात माणसं गुडघ्यांना तेल चोळत बसतात त्या वयात आचऱ्याच्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराकडून जुनी शिडाची होडी घेऊन मोकळा झाला. अठरा फुटी, लाकडी, इंजिन नाही. मासे मारायचे नाहीत, पर्यटक फिरवायचे नाहीत, नुसतं शीड सोडायचं आणि वारा नेईल तिकडे जायचं.

"ना म्हावरा, ना भाडा," आई म्हणायची. "मगे जातंस कित्याक रे? दर्यात काय तुझ्या बापाशीन पुरून ठेवल्यान हा?"

दादा हसायचा. पण मार्गशीर्षात एका संध्याकाळी ते हसू आटलं. खडकांच्या पलीकडे होडीत पाणी भरायला लागलं. एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने पाणी उपसायचा डबा, असं करत तो दिवस बुडताना कसाबसा किनाऱ्याला लागला. आई तोवर वाळूत बसून होती, पदराचं टोक दातांत धरून. तो उतरला तेव्हा ती उठली. त्याचा ओला सदरा हाताने चाचपून बघितला आणि चालू पडली.

दुसऱ्या दिवशी तिने लक्ष वाती वळायला घेतल्या. लाख वाती हाताने वळायच्या आणि तुपात भिजवून देवापुढे लावायच्या, असा तो नेम. बायका तो पुण्यासाठी करतात. आईने सरळ सौदा केला. देवापुढे उभी राहून तिने गाऱ्हाणं घातलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "बा देवा म्हाराजा, माझो झील त्या होडयेतसून उतरूंदे. मी तुका लाख वाती लावतलंय." मग माझ्याकडे वळून डोळे वटारले, "होय म्हाराजा म्हण गो!"

गाऱ्हाण्याला कुणी होकार दिला नाही तर ते पोचत नाही म्हणतात. मी म्हटलं, होय म्हाराजा. खोटं कशाला बोलू, होडी जावी असं मलाही वाटत होतं.

दादाचं म्हणणं वेगळं. होडी वाईट नाही, तिचा तळ वाईट झालाय. शेवाळ आणि शिंपलं धरू नयेत म्हणून होडीच्या तळाला एक तांबडा, विषारी रंग लावतात. त्या मच्छीमाराने जुना रंग कधी काढलाच नव्हता. डांबरावर रंग, रंगावर डांबर, त्यावर परत रंग, असं फासत फासत भाकरीएवढा जाड थर झाला होता. आत लाकूड कसं आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दादा म्हणाला, सगळं खरवडून बघूया. लाकूड चांगलं निघालं तर नवा रंग लावून होडी परत पाण्यात. कुजकं निघालं तर फोडून चुलीत घालू.

"देवाची आण घे," आई म्हणाली.

त्याने घेतली. मला तेव्हाच कळलं की हा गडी लाकडावर जीव टांगून बसलाय. नंतरचे दोन दिवस तो जेवताना घास हातात धरून कुठेतरी बघत बसायचा.

होडी असते खाडीत, आणि होडी उचलायचं यंत्र तिथल्या चिंचोळ्या वाटेने काठापर्यंत येत नाही. मग जुनीच रीत. भरतीच्या पाण्यावर होडी काठाजवळच्या उंचवट्यावर आणून बांधायची. सुकती लागून पाणी उतरलं की ती आपसूक एका कुशीवर कलते. वर आलेली बाजू खरवडायची, तोवर भरती येऊन तिला उचलते. दुसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या कुशीवर निजवायची. पुनवेनंतरचे दोन-तीन दिवस याला बरे, पाणी खूप उतरतं आणि खूप चढतं.

पहिली बाजू खणखणीत निघाली. तांबड्या खपल्या गळून पडल्या आणि खालून बदामी सागवान वर आलं, सुरीचं टोक घालून बघितलं तरी आत शिरेना. दादा शीळ घालायला लागला. आई काठावरच्या उंडीच्या झाडाखाली पाट टाकून बसली होती, मांडीवर वातींची पिशवी. तिने तोंड फिरवलं आणि वाती वळत राहिली. "अजून एक बाजू आसा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निघता निघता दादाने विचारलं, "आज काय गो उपास?"

"संकष्टी," मी म्हटलं. आईचा आणि माझा दोघींचाही होता.

"म्हणजे चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनाक भरती. पावणेबारापर्यंत पाणी कण्याक शिवाचा नाय."

हा हिशोब आम्हाला आईनेच शिकवलेला. तिचं माहेर आरोंद्याचं, खाडीच्या काठचं. लहानपणी दिवेलागणीला ती आमच्याकडून पाऊणकी घोकून घ्यायची आणि वर सांगायची, तिथीला पाऊणाने गुणलं की भरतीची वेळ निघते. मी दादाला म्हटलं, "मोबायलवर बघून घे एकदा." तर म्हणतो, "मोबायल बघून कोण होडी हाकता? आणि थंय रेंज तरी खंय आसा?" आई दारात उभी राहून पिशवीचं तोंड बांधत होती. तिने दादाकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि चपला घातल्या.

खरवडण्याचं काम ज्याने केलंय त्यालाच कळेल. पत्र्याची खरवडणी घासताना जो आवाज होतो तो दातांत जातो. तांबडी पूड उडते, ती नाकात गेली की घसा कडू होतो. करोनातले उरलेले मास्क आम्ही तोंडाला बांधले होते. खाली ताडपत्री अंथरली होती, कारण ते विष खाडीत सांडायचं नाही असं मी दादाला दम देऊन सांगितलं होतं. रिकाम्या पोटी, उन्हात, वाकून. कुणाच्या म्हशी आणि कुणाला उठाबशी!

एकेक फळी मोकळी झाली की दादा सुरी टोचायचा. तेवढा वेळ मी हात थांबवायची आणि वर आईचे हात थांबायचे. सुरी आत गेली नाही की दादा श्वास सोडायचा, आई परत कापूस ओढायची. मला तर वाटायला लागलं, एकदाचं कुजकं निघू दे किंवा चांगलं निघू दे, पण ही टांगती तलवार नको.

मध्येच आई उठली. पाट उचलला आणि आणखी वर, पार वाटेच्या कडेला नेऊन टाकला.

"आये, पाण्याक अजून खूप वेळ आसा," मी ओरडले.

"माका ऊन लागता," ती म्हणाली. जाऊन बसली ती नेमकी उन्हात. म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालणार?

शेवटची फळी राहिली, कण्याला लागून असलेली. होडीचा कणा म्हणजे तिच्या तळाचं मधलं लांब लाकूड. तिथपर्यंत पोचायला दादाला चिखलात आडवं व्हावं लागलं. त्याने खरवडणी घातली, जोर लावला, आणि हातभर लांब पापुद्रा एकदम सुटून आला. रंग, डांबर आणि त्याला चिकटून काळा, कुजलेला कापूस.

"आवशीक खाव!" दादाने आईवरून शिवी हासडली.

"माका कित्याक खातंस?" वरून आवाज आला. "त्या होडयेक खा!"

मी वाकून बघितलं. फळी धड होती, कणा धड होता, पण दोघांच्या मधला सांधा मोकळा पडला होता. बोट जाईल एवढी फट. असल्या सांध्यात तेल-राळेत भिजवलेला कापूस ठोकून बसवलेला असतो, पाण्यात तो फुगतो आणि फट बंद होते. इथला कापूस कधीचाच कुजला होता. इतके दिवस पाणी अडवून धरलं होतं ते नुसत्या रंगाच्या खपलीने, आणि ती आम्ही आमच्या हातांनी काढली होती. मार्गशीर्षातलं पाणी कुठून आलं तेही कळलं.

दादाला उलट आनंद झाला. "बघ, लाकूड बरा आसा! कापूसच गेलो मरे!" त्याने कापसाचा गुंडाळा आणला होता. तो राळेत बुडवून, छिन्नीने आत दाबून, वरून हातोडीने ठोकायला लागला. टक टक टक. सांधा मात्र सुटतच चालला. जिथे ठोकावं त्याच्या पुढचा जुना कापूसही मऊ पडलेला. अर्धा सांधा झाला असेल नसेल, माझ्या घोट्याला काहीतरी गार लागलं.

मी खाली बघितलं. मग घड्याळात. नुकते कुठे अकरा होत होते.

"दादा, पाणी."

"होवचा नाय. पावणेबाराक."

"अरे मेल्या, पायाला लागलं माझ्या!"

त्याने मान वळवली. चिखलातून एक पातळ पांढरी रेघ सरकत येत होती. येताना खेकड्यांची भोकं भरत होती, बुडबुडे निघत होते. क्षणभर आम्ही दोघेही खुळ्यासारखे तिच्याकडे बघत राहिलो. तिथीच्या हिशोबात पाणी चुकत नाही, आणि आज चुकलं होतं!

पुढचं काय होणार ते मला फळ्यावर लिहिल्यासारखं स्पष्ट दिसत होतं. कललेली होडी पाण्याने उचलली तर वाचली. पण उचलायच्या आधी त्या फटीतून पाणी आत शिरलं तर ती जड होणार, चिखल सोडणार नाही, आणि भरती तिच्या डोक्यावरून जाणार. चिखलात रुतून भरलेली होडी आम्ही दोघं काय काढणार? तिथेच तिचा सांगाडा होणार.

दादा आडवा पडून ठोकत होता. पाणी त्याच्या कोपराला लागलं, मग बरगड्यांना. आणि कापूस संपला. दोन हात लांबीचा सांधा अजून उघडा होता.

मी ओढणीचं टोक फाडून दिलं. त्याने ते ठोकलं आणि परत ओढून फेकून दिलं. पॉलिएस्टर ते, ना फुगत ना धरत. "सोड ती होडी!" मी ओरडले. "ऊठ! ऊठ म्हणते ना!" एक गाल पाण्यात टेकवून तो तळहाताने ती फट दाबून धरायला बघत होता. तळहाताने! दोन हातांची फट! मला रडू फुटलं. चाळीस वर्षं वर्गातल्या पोरांवर ओरडून कमावलेला आवाज माझा, पण त्या माणसाला तिथून हलवेना.

"कापूस," तो एवढंच म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे.

मी वर बघितलं. आई बसली होती. मांडीवर पिशवी. गच्च भरलेली, उशीसारखी. पौषभर वळलेल्या वाती, सगळा उत्तम कापूस.

माझी जीभ कधी कुणासाठी थांबलेली नाही, तेव्हा थांबली. त्या वाती कशासाठी वळल्यात ते मला ठाऊक होतं, मीच होय म्हाराजा म्हटलं होतं. आणि आईला आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं. घटकाभरात तिचा नवस फळणार होता, तोही एक वात न लावता.

ती दादाकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. पाणी दादाच्या कानाला लागलं, त्याने मान वर ओढून धरली, हात मात्र काढला नाही.

आई उठली. लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि ऐंशीच्या घरातली ती बाई एकेक पाऊल चिखलात रोवत खाली आली. मी हात द्यायला गेले तर तिने झिडकारला. पिशवीचं तोंड सोडलं आणि माझ्या ओढणीत ओतली.

"घाल," ती म्हणाली. "वळलेलो कापूस आसा. घट बसतलो."

मग तिघंही कामाला लागलो. आई पाण्यात उभी राहून आठ-दहा वाती एकत्र धरायची, तळव्यांत पिळून त्यांची दोरी करायची. मी ती राळेत बुडवायची. दादा ओढून घ्यायचा आणि ठोकायचा. हातोडी आता पाण्यातच पडत होती, टक असा आवाज न येता थप असा येत होता. दादाची हनुवटी पाण्यात होती. शेवटच्या वितीवर तर तो श्वास धरून खाली जायचा, दोन घाव घालायचा, वर यायचा. मी तिथे उभी राहून मोठमोठ्याने शिव्या देत होते. कुणाला ते सांगता येत नाही, बहुतेक सगळ्यांनाच.

पाण्याने सांधा झाकला. दादा कडेवरून आत चढला आणि तळाच्या फळ्यांवर हात पसरून पालथा पडला.

"पाणी इला काय रे?" आईने विचारलं.

"पाझारता," तो म्हणाला. बराच वेळ गेला. "थांबला... आये, थांबला गो."

आणि मग होडीने अंग हलवलं. चिखलाने सुटताना मोठा आवाज केला आणि ती हळूहळू सरळ झाली. तरंगली. दादा तिच्यात बसून लहान मुलासारखा रडला, लाजला नाही. मीही रडले. आई म्हणाली, "सदरो बदल, थंडी भरात," आणि आपला पाट आणायला वर गेली. सकाळी तो जिथे टाकला होता, ती उंडीखालची जागा पाण्यात गेली होती.

संध्याकाळी चंद्रोदयाची वेळ बघायला दादाने भिंतीवरचं कॅलेंडर उघडलं. बारीक अक्षरं वाचायला चष्मा पुढे सरकवला आणि कपाळावर हात मारून घेतला. "बाय गो, चतुर्थी संध्याकाळी लागली! सकाळी तृतीयाच हुती. तीन पाऊण सव्वादोन!" संकष्टी चंद्र उगवताना चतुर्थी असेल त्या दिवशी धरतात, मग सकाळी तृतीया का असेना. उपासाची तिथी वेगळी, पाण्याची वेगळी. दादाने पाण्याची वेळ माझ्या उपासावरून काढली होती, आणि चंद्र काही आमचा उपास बघून भरती आणत नाही. तो स्वतःलाच हसला, मोदक खाल्ले, आणि सगळं अंग मोडून आल्यासारखा झोपला.

मी भांडी आवरत होते. आई चुलीपाशी बसली होती. एकाएकी मला तो पाट आठवला. सावली सोडून उन्हात नेलेला.

"आये," मी म्हटलं, "तुका ठावक हुता."

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तृतीया आसा ता तुका ठावक हुता."

"आरोंद्याक जल्मलंय मी," ती म्हणाली. "माका कोण शिकयतलो?"

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"होडी जावंदे म्हणान."

एवढं साधं सांगितलं तिने. मला तिचा असा राग आला, की हातातलं ताट भिंतीवर आपटावंसं वाटलं. "तो खाली निजलेलो हुतो, आये! पाण्यात!"

"माका वाटला, पाणी इला काय उठतलो." तिचा आवाज चिरकला. "पाणी बघून माणूस उठता. कुत्रोसुदा उठता. गळ्याक इला, कानाक इला, तरी उठूक नाय मेलो. माका काय ठावक, तो होडयेबरोबर ऱ्हवतलो म्हणान?"

मी ताट खाली ठेवलं. तिच्या हातांना राळ चिकटली होती, ती ते तेलाने चोळत होती आणि निघत नव्हती. मी खोबरेलाची बाटली घेतली आणि तिचे हात चोळत बसले. राग होताच. तो अजूनही थोडा आहे. दादाला मी यातलं काही सांगितलेलं नाही, आणि तो पुस्तकं वाचत नाही हे एक बरं आहे.

सकाळी दादा रंगाचे डबे बांधत होता. आतून आईचा आवाज आला, "आज खरी चतुर्थी. चार पाऊण तीन. आता जावा." तो गेला. मग तिने कापसाचा नवा पुडा फोडला, देवापुढे उभी राहिली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, तो काय उतराचो नाय. त्या होडयेक तरी बुडाक दिव नको. मी परत पयल्यापासून वळतंय."

"होय म्हाराजा," मी म्हटलं. तिने माझ्याकडे वळून बघायच्या आधीच म्हटलं.